बासष्ट प्रकरणं, चौदा बैठका: वाचनकट्ट्यासाठी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’

एका घातक मुद्रिकेचा नाश करायला निघालेल्या हॉबिटांची, म्हणजे बुटक्या लोकांची, टॉल्किनने लिहिलेली इंग्रजी कल्पनारम्य मालिका ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचनकट्ट्यावर घ्यावी का? जरूर घ्यावी. पण तीन पुस्तकं आहेत म्हणून तीन बैठका, असा हिशेब मांडून सुरुवात केली तर कट्टा पहिल्या खंडातच मोडतो. त्या एका खंडात साधारण १ लाख ८७ हजार शब्द आहेत. नोकरी, घर, मुलांचे क्लास सांभाळून महिन्याभरात एवढं वाचून होत नाही, आणि वाचून झालं नाही की माणूस संकोचाने बैठकीलाच येत नाही. कट्टा फुटतो तो असा. पुस्तकाचा त्यात काही दोष नसतो. म्हणून ही मालिका कुठे तोडायची, कोणती आवृत्ती घ्यायची आणि कोल्हापूरच्या वर्षात ती कुठे बसवायची, याच अंगाने हे परीक्षण लिहिलं आहे.

आधी रचना समजून घेतली पाहिजे. ही खरं तर एकच कादंबरी. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली, कारण महायुद्धानंतर कागदाची टंचाई होती आणि एवढं जाडजूड पुस्तक एकदम छापणं प्रकाशकाला परवडणारं नव्हतं. लेखकाची स्वतःची विभागणी सहा भागांची आहे, प्रत्येक खंडात दोन भाग. प्रकरणं अनुक्रमे १२, १०, ११, १०, १० आणि ९, म्हणजे एकूण ६२. शब्द साधारण ४ लाख ८० हजार. जुन्या वळणाची इंग्रजी आहे, मधे गाणी आहेत, त्यामुळे मिनिटाला दीडशे शब्दांचा वेग धरावा. मग सरासरी एका प्रकरणाला पन्नास-बावन्न मिनिटं लागतात. थोडक्यात, एक प्रकरण म्हणजे एक तास. सभासदांना पानं सांगू नका, तास सांगा. ‘या पंधरवड्यात पाच तास’ म्हटलं की प्रत्येकाला आपलं गणित घालता येतं.

पानांवर वेळापत्रक लावू नये याचं दुसरं कारण आवृत्त्या. कट्ट्यात एकाकडे जाड एकत्रित आवृत्ती असते, दुसऱ्याकडे तीन खंड, तिसऱ्याकडे किंडल, आणि कुणी मुग्धा कर्णिकांचा मराठी अनुवाद वाचत असतं. पान क्रमांक कुणाचेच जुळत नाहीत. भाग आणि प्रकरण मात्र सगळीकडे तेच. म्हणून ‘२.२’ असं लिहायची सवय लावावी: दुसरा भाग, दुसरं प्रकरण. व्हॉट्सॲप ग्रुपवरही कुणी काही लिहिलं तर सुरुवातीला हा आकडा टाकलाच पाहिजे, म्हणजे तिथपर्यंत न पोचलेला तो संदेश उघडणार नाही. हा नियम पहिल्या दिवशीच करा. एकदा कुणी पुढचं फोडलं की मग नियम करून उपयोग नसतो.

विकत घ्यायची तर तीन खंडांचीच आवृत्ती घ्यावी. एकत्रित आवृत्ती कपाटात छान दिसते, पण ती चांगलीच जड असते, कागद पातळ असतो, पडून वाचता येत नाही आणि एसटीत तर नाहीच. शिवाय ती दोघांत वाटून घेता येत नाही. तीन खंड असले की दोन सभासदांत एक संच पुरतो: पंधरवड्याचा पहिला आठवडा एकाचा, दुसरा आठवडा दुसऱ्याचा. दहा जणांच्या कट्ट्याला पाच संच झाले, आणि भिशीसारखी दरमहा थोडी वर्गणी काढली तर कुणाच्या खिशाला जड जात नाही. १९९९ मध्ये सहा भाग आणि परिशिष्टं मिळून सात छोट्या पुस्तकांचा संच निघाला होता. कट्ट्यासाठी त्याहून सोयीचं काही नाही. जुन्या पुस्तकांत कुठे दिसला तर सोडू नका.

नवी प्रत घेताना २००४ नंतरची, पन्नाशीनिमित्त दुरुस्त केलेल्या संहितेची बघा. आणि पदपथावरच्या स्वस्त, चोरून छापलेल्या प्रतीच्या नादाला लागू नका. तिच्यात नेमकं जे लागतं तेच गेलेलं असतं: नकाशा काळवंडलेला किंवा गायब, मुद्रिकेवरची अक्षरं फुटलेली, शेवटची परिशिष्टं कापलेली. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी तपासाव्यात. पहिल्या खंडात नकाशावरची बारीक नावं वाचता येतात का, आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी ए ते एफ अशी सहा परिशिष्टं आहेत का. नकाशा वाचता येत असेल तर बैठकीत भिंतीवर लावायला त्याची ए-थ्री आकाराची झेरॉक्स काढून ठेवा. प्रवास कुठून कुठे चाललाय हे बोटाने दाखवता आलं नाही तर दुसऱ्या खंडात निम्मी चर्चा ‘हे आता कुठे आहेत?’ यातच जाते.

मराठी आणि इंग्रजी वाचणारे एकाच कट्ट्यात असणं ही अडचण समजू नये. गाणी आधी इंग्रजीत मोठ्याने वाचावीत, मग मराठीत. टॉल्किन भाषेचा प्राध्यापक होता, त्याची गाणी कानाने कळतात. ऐकत वाचणाऱ्यांसाठी पूर्ण ध्वनिपुस्तकही आहे, पन्नास तासांहून मोठं. रोज सांगलीला किंवा इचलकरंजीला ये-जा करणाऱ्याला ते फार सोयीचं.

आता वर्षाचा प्रश्न. बिल्बो आणि फ्रोडो या कथेतल्या दोन हॉबिटांचा वाढदिवस २२ सप्टेंबरचा, कथा तिथूनच सुरू होते, म्हणून त्या दिवशी वाचन सुरू करावं असा मोह होतो. कोल्हापुरात तो मोह आवरावा. गणपती, पाठोपाठ नवरात्र, मग दिवाळी. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि घरात घट बसलेला असताना कुणी पाच तास पुस्तक घेऊन बसत नाही. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी पहिली बैठक घ्यावी. पुढे दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार. त्या दिवशी बँका बंद असतात, त्यामुळे बँकेतले सभासदही येऊ शकतात. मार्चमध्ये मात्र एकच बैठक, दुसऱ्या शनिवारी. दहावी-बारावीच्या परीक्षा, मार्च अखेरची कामं, शेती असणाऱ्यांची ऊस तोडणीची शेवटची घाई, या सगळ्यात दुसरी बैठक ठेवली तर ती रिकामी जाते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, ती कोणत्या शनिवाराजवळ येते हे आधीच कॅलेंडरात बघून ठेवा. या हिशेबाने चौदावी बैठक जूनच्या चौथ्या शनिवारी येते.

हे जूनमध्ये संपणं महत्त्वाचं आहे. लांबलं तर जुलै-ऑगस्ट लागतो, आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की नदीकाठच्या गल्ल्यांतल्या लोकांचं लक्ष पुस्तकात राहत नाही. ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात हे वेगळं सांगायला नको. कट्ट्याचे संच कुणाच्या घरी ठेवणार असाल तर वरच्या मजल्यावर ठेवा.

पहिल्या बैठकीला पहिल्या भागाची पाच प्रकरणं. सुरुवातीचा प्रास्ताविक मजकूर सोडून द्यावा, हे ठासून सांगावं लागतं, कारण प्रामाणिक वाचक पहिल्या पानापासून सुरू करतो आणि हॉबिटांच्या तंबाखूच्या इतिहासात अडकतो. शिवाय त्यातल्या शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलुखाच्या, दफ्तरांविषयीच्या टिपणात कथेच्या शेवटाचे धागे उघडे पडतात. ज्यांनी टॉल्किनचं आधीचं पुस्तक ‘द हॉबिट’ वाचलेलं नाही त्यांनी या प्रास्ताविकातला मुद्रिका कशी सापडली एवढाच भाग वाचावा. ‘द हॉबिट’ १९ प्रकरणांचं आहे, दिवाळीच्या सुट्टीत होऊन जातं, पण त्याची सक्ती नको.

दुसरी बैठक १.६ ते १.१०. गळती इथेच होते. जुनं अरण्य, टॉम बॉम्बाडिल आणि थडग्यांची टेकडी ही तीन प्रकरणं मूळ कथेला बगल देऊन जातात आणि ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न पडतो. ही तीन प्रकरणं कधीही बैठकीच्या शेवटी येऊ देऊ नका. १.१० पर्यंत गेलं की ब्री गावच्या खाणावळीतला तो कोपऱ्यात बसलेला उंच माणूस भेटतो आणि गाडी रुळावर येते. तिसऱ्या बैठकीला तीनच प्रकरणं, १.११, १.१२ आणि २.१. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण इथे ओढून घ्यायचं कारण, १.१२ नदीच्या उतारावर अशा जागी संपतं की पंधरा दिवस थांबणं म्हणजे वाचकाला छळणं. २.१ मध्ये दम घेता येतो.

चौथी बैठक फक्त २.२ आणि २.३. दोनच प्रकरणं का, असं कुणी विचारेल. २.२, म्हणजे एलरॉन्डच्या दरबारातली सभा, हे सगळ्या कादंबरीतलं सर्वांत लांब प्रकरण, साधारण १५ हजार शब्दांचं. दोन तासांचं वाचन. त्यात माणसं बसून बोलतात, बाकी काही घडत नाही, पण मुद्रिकेचा सगळा इतिहास, कोण कुठून आलं आणि कुणाचा कुणावर विश्वास नाही, हे सगळं तिथेच आहे. बैठकीत हे प्रकरण बोलणारे वाटून घेऊन वाचावं. एक जण गॅन्डाल्फ, एक एलरॉन्ड, एक बोरोमिर, एक बिल्बो. घरी कंटाळा आलेलं प्रकरण अशा वाचनात उभं राहतं, कारण ते मुळात संवादांवरच चालतं. सगळं वाचायला वेळ पुरणार नाही, गॅन्डाल्फचं कथन आणि शेवटची चार पानं पुरेत. वाचन चालू असताना भडंग फिरवू नका. तेलाचे हात पातळ पानांना लागले की डाग दोन पानं पलीकडे उमटतो. चहा-भडंग नंतर, चर्चेला.

पाचवी बैठक २.४ ते २.८, भूमिगत मोरिया आणि त्यानंतरचं लोरियनचं वन. २.५ नंतर तोडू नये, धक्का आणि त्यानंतरचा शोक एकाच बैठकीत यायला हवेत.

सहावी बैठक २.९, २.१० आणि ३.१. तीन खंडांची विभागणी इथे सरळ आडवी येते. २.१० आणि ३.१ ही एकाच दिवसाची गोष्ट आहे, पण छापील पुस्तकात पहिला खंड मधेच संपतो. पहिल्या खंडावर थांबलेल्या कट्ट्याला बोरोमिरविषयी अर्धवट मत घेऊन घरी जावं लागतं. ३.१ अगदी छोटं आहे, ते जोडून घ्या. आयोजकाने लक्षात ठेवायचं ते एवढंच की या बैठकीच्या आधीच दुसरा खंड सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे.

सातवी बैठक ३.२ ते ३.६, आठवी ३.७ ते ३.११. मार्चमधली एकमेव बैठक ती ही आठवी. तिसऱ्या भागाच्या शेवटी थांबून महिनाभराची सुट्टी घेणं कथेलाही मानवतं, कारण चौथा भाग काळात मागे जातो आणि फ्रोडो व त्याचा सोबती सॅम यांच्याकडे वळतो. तिसरा आणि चौथा भाग तारखांप्रमाणे आलटून पालटून वाचावा, असा सल्ला कधी कधी ऐकू येतो. तो मानू नका. एकदा ती पद्धत धरली की पाचव्या-सहाव्या भागातही तेच करावं लागतं, आणि ५.१० मध्ये शत्रूचा दूत ज्या वस्तू पुढे करतो त्यांचा ताण पार निघून जातो. टॉल्किनने वाचकाला जाणूनबुजून अंधारात ठेवलं आहे. तो अंधार तसाच राहू द्यावा.

नववी बैठक ४.१ ते ४.५, दहावी ४.६ ते ४.१०. दोन हॉबिट, गॉलम नावाचा वाटाड्या, दलदल, खडक, भूक. वेग मंदावतो, तक्रारी येतात. इथे चर्चेचा विषय एकच ठेवावा: गॉलमवर कोण कधी दया दाखवतं आणि का. प्रत्येकाने तशी एक जागा शोधून आणावी. मग वाचताना लक्ष लागतं, आणि सहाव्या भागात त्याचं व्याज मिळतं.

अकरावी बैठक ५.१ ते ५.५, आणि ती इथेच तोडली पाहिजे. ५.४ च्या शेवटी वेढलेल्या नगरात पहाटे कोंबडा आरवतो, आणि त्याला उत्तर दिल्यासारखी लांबून शिंगं ऐकू येतात. ५.५ थोडं मागे जाऊन ती शिंगं कुणाची, तिथपर्यंत कशी आली, हे सांगत पुन्हा त्याच पहाटेला येऊन ठेपतं. दोन्ही प्रकरणांची शेवटची पानं एकामागोमाग मोठ्याने वाचा. कोल्हापुरात रणशिंग आणि पोवाडा कुणाला समजावून द्यावा लागत नाही. त्या दोन पानांवर फार बोलूही नये, दोन मिनिटं तसंच बसावं.

बारावी ५.६ ते ५.१०, तेरावी ६.१ ते ६.४. चौदावी ६.५ ते ६.९, आणि हिच्यासाठी आयोजकाने आधीपासून झटायला हवं. मुद्रिकेचा निकाल ६.३ मध्येच लागतो. त्यानंतर सहा प्रकरणं उरतात आणि बऱ्याच जणांना वाटतं, संपलं की आता. २००१ ते २००३ मधले तीन चित्रपट पाहिलेल्यांना तर ठाम खात्री असते. पण ६.८, हॉबिट घरी परततात तेव्हा गावाचं काय झालेलं असतं ते प्रकरण, त्या चित्रपटांत नाहीच. तोडलेली झाडं, बंद पडलेल्या खाणावळी, पाहुण्याला घरात घ्यायची बंदी, जागोजाग चिकटवलेले नियम, आणि हे सगळं मुकाट सहन करणारे शेजारी. राज्य वाचवून आलेल्यांना आपली गल्ली वाचवावी लागते. कट्ट्यावर सर्वांत जास्त बोलणं याच प्रकरणावर होतं, तेव्हा या बैठकीला नेहमीच्या दोन तासांऐवजी अडीच तास ठेवा.

मधे कुणी मागे पडला तर कट्टा थांबवू नका. त्याला सांगा, १.६ ते १.८ चाळून पुढे जा, पण १.२, २.२, २.१० आणि ६.८ सोडू नकोस. बाकीची भर बैठकीत पडते. बैठकीच्या पहिल्या दहा मिनिटांत एकाने मागची प्रकरणं तोंडी सांगायची, दर वेळी वेगळ्या माणसाने.

नावांचा गोंधळ हा या मालिकेचा खरा जाच. सॉरॉन आणि सारुमान, एओमेर आणि एओविन, थेओडेन आणि थेओड्रेड. एक नाववही ठेवा, एका पानावर एक माणूस, त्याची सगळी नावं आणि तो पहिल्यांदा कुठे भेटला तो आकडा. ॲरागॉर्नच्या पानावर स्ट्रायडर, एलेसार, थोरोन्गिल अशी रांग लागते. पार्थ, धनंजय, सव्यसाची एकच हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला चार बैठकींत याची सवय होते. आणि १९६७ पासून आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ नऊ भागांत, सहा जणांच्या तोंडून ऐकत आलेल्या वाचकाला निवेदन मधेच दुसरीकडे वळण्याचं भय नसावं.

दुसरी मालिका घ्यावी का, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. हॅरी पॉटरची सात पुस्तकं मिळून, शेवटचा उपसंहार धरून, १९९ प्रकरणं आहेत, आणि पहिल्यात १७ तर पाचव्यात ३८. ‘महिन्याला एक पुस्तक’ चौथ्यापासून कोलमडतं, तिथेही प्रकरणंच मोजावी लागतात. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि कथा अपुरी आहे. ज्या कट्ट्याला शेवटावर बोलायचंय त्याने ती घेऊ नये.

जागा शांत हवी. रंकाळ्याच्या काठी गप्पा छान होतात, पण वाऱ्यात मोठ्याने वाचलेलं तिसऱ्या माणसाला ऐकू येत नाही. टाऊन हॉलच्या बागेत हिवाळ्यात जमतं, एप्रिलपासून कुणाच्या तरी हॉलमध्येच. आठ ते बारा माणसं बरी. त्याहून जास्त झाली तर वाचन मागे पडतं आणि भाषणं सुरू होतात.

परिशिष्टं वेळापत्रकात धरलेली नाहीत. ज्यांना हवी त्यांच्यासाठी जुलैत एक संध्याकाळ, पाऊस बघून: परिशिष्ट ए मधली ॲरागॉर्न-आर्वेनची कथा मोठ्याने, आणि परिशिष्ट बी मधली कालगणना नकाशावर लावून. मात्र कालगणनेत प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही लिहिलेलं आहे, आणि एखादी तारीख शोधायला पान उलटलं की नजर नेमकी तिथे जाते. म्हणून एप्रिलअखेर तिसरा खंड वाटताना परिशिष्टांच्या पानांना रबरबँड लावूनच द्यावा.